दोन महायुद्धांचा जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी ‘जागतिक महायुद्धे : कारणे आणि परिणाम’ हा विषय आमच्या गळ्यात घातला, तेव्हा आम्ही प्रथम हात जोडले. म्हटले, हा प्राध्यापक मंडळींचा विषय आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला आटोपले. पुढचे जे काही झाले ते बंदराच्या फाटकाबाहेर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यावर चिटणीस म्हणाले, ‘युद्ध कोणी जिंकले हे पुस्तकात सापडते. त्याचे पैसे कोणी भरले, ते तुम्ही सांगा.’ ही गोष्ट मात्र आमच्या धंद्यातली निघाली. हिशेब मागणे हेच युनियनवाल्याचे काम. तेव्हा आज आम्ही आपल्यापुढे दोन महायुद्धांचा जमाखर्च मांडणार आहोत, आणि तोही आपल्या जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या वहीतून.

कोणी म्हणेल, कुठे युरोपातली लढाई आणि कुठे आपला किनारा! पण आपल्या तोंडी रोज असणारे चार शब्द घ्या : बोनस, महागाई भत्ता, रेशनकार्ड आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. या चारही गोष्टी आपल्याकडे युद्धाने आणल्या. पहिल्या युद्धात गिरण्यांना अपार नफा झाला आणि महागाईने कामगार गांजला, तेव्हा १९१७ साली मुंबईच्या गिरण्यांनी पगारावर दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. तिथून बोनसची सुरुवात. महागाई भत्ता दोन्ही युद्धांतून वाढत गेला. मुंबईत रेशनिंग आले ते १९४३ च्या मे महिन्यात. आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजे १९४५ साली निघाली ती पलटणीतून मोकळ्या होणाऱ्या शिपायांना काम देण्यासाठी. म्हणजे लढाई आपल्या घरापर्यंत आलीच होती. फक्त ती आली म्हणून आपण तिला ओळखले नाही.

आता कारणांकडे वळू. पहिल्या महायुद्धाचे कारण विचारले की मुले पाठ केलेले उत्तर देतात : २८ जून १९१४ रोजी साराएव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. हे खरे आहे. पण एका खुनामुळे जगातली सुमारे एक कोटी सैनिक माणसे मरतात काय? गंजीला काडी लावणारा एक असतो, पण गंजी रचून ठेवणारे दुसरेच असतात. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी जगातल्या वसाहती आधीच वाटून घेतल्या होत्या. जर्मनीचे कारखाने मागाहून वाढले. त्यांना कच्चा माल हवा होता, बाजार हवा होता. बर्लिनपासून बगदादपर्यंत रेल्वे टाकण्याचा त्यांचा घाट होता. इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात लढाऊ जहाजे बांधण्याची चढाओढ लागली होती. आणि मोठ्या राष्ट्रांनी एकमेकांशी असे करार करून ठेवले होते की एकाने पाऊल टाकले म्हणजे बाकीच्यांनी निघालेच पाहिजे. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले आणि ४ ऑगस्टला इंग्लंड त्यात उतरले, म्हणजे मध्ये धड आठ दिवसही गेले नाहीत.

इथे आमच्या स्वतःच्या घरातली एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. युद्ध आलेच तर ते सर्व देशांच्या कामगारांनी मिळून थोपवावे, असा ठराव युरोपातल्या कामगार पक्षांनी १९१२ साली बाझेल येथे केला होता. प्रत्यक्षात काय झाले? फ्रान्समध्ये युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या झां झोरेस यांना ३१ जुलै १९१४ रोजी गोळी घातली गेली, आणि ४ ऑगस्टला जर्मनीतल्या कामगार पक्षाने युद्धाच्या कर्जाला संसदेत पाठिंबा दिला. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा कर्जाचा प्रश्न आला तेव्हा ‘नाही’ म्हणणारा कार्ल लीबक्नेख्त हा एकटा निघाला. युद्धाचा दोष आम्ही राजांवर, सेनापतींवर आणि तोफांच्या कारखानदारांवर टाकतो, तो योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातांनी तोफा ओतल्या जातात आणि ज्यांच्या खांद्यांवर बंदुका असतात, त्यांच्या संघटनांनीही त्या दिवशी माना वळवल्या. हे आम्ही लपवणार नाही.

हिंदुस्थानचे तर विचारूच नका. आपल्याला कोणी काही पुसलेच नाही. तेरा लाखांच्या आसपास माणसे इथून गेली. त्यांत शिपाई होते तसे हमाल, खेचरवाले आणि भिस्तीही होते. सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. आपल्या कोकणचा संबंध आला तो विशेषकरून मेसोपोटेमियाशी, म्हणजे आजच्या इराकशी. तिथे इंग्रजांनी फौज उतरवली ती इराणच्या आखातातील तेलाचा कारखाना आणि वाट राखण्यासाठी. ती फौज पूना डिव्हिजनची. कुत येथे ती वेढली गेली; तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा पडला १९१५ च्या डिसेंबरात आणि शरणागती झाली २९ एप्रिल १९१६ रोजी. अन्न संपले तेव्हा घोडे आणि खेचरे कापून खावी लागली. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी तेही खाल्ले नाही. शरण आलेले हजारो पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांत दगडी पाट्या आहेत : या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके मेले. पाटीवर आकडा आहे, नावे नाहीत.

जे परतले त्यांच्यासाठी काय वाढून ठेवले होते? १९१७ साली, शिपाई कमी पडू लागले तेव्हा, सरकारने १११ वी महार पलटण उभी केली. १९२१ साली गरज सरली आणि पलटण मोडली. बसऱ्याचे पाणी चालले, पण घरी आल्यावर महाडच्या तळ्याचे पाणी चालेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले. त्या परिषदेला जमलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले शिपाईही होते. ज्याने राज्यासाठी छाती पुढे केली त्याला तळ्यावर ओंजळ पुढे करता येत नाही, हे त्यांना किती लागले असेल!

युद्धाच्या शेवटी आणखी एक पाहुणा आला. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्ल्युएन्झाची साथ उतरली, आणि वर्ष संपेपर्यंत तिने हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास बळी घेतले. काही अभ्यासक याहूनही अधिक मानतात. लढाईत मेले त्याच्या शंभर पटींहून अधिक. धान्य महाग, कापड महाग, घरोघर दुखणे, आणि गिरण्यांचे नफे मात्र गगनाला भिडलेले. १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी काम बंद केले, त्याची मुळे इथे आहेत.

आता जमेची बाजू पाहू. १९१९ साली व्हर्सायला तह झाला. त्याच तहात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची स्थापना झाली. रशियात १९१७ साली कामगारांनी राज्य उलथलेले पाहून बाकीच्या राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा आला होता, हे त्यामागचे खरे कारण. त्याच वर्षी वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली आणि तिने आठ तासांच्या दिवसाचा ठराव केला. तिथे हिंदी कामगारांच्या वतीने गेलेले नारायण मल्हार जोशी हे आपल्या माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष झाले, आणि तिच्या उभारणीत जोशींचा हात मोठा होता. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला, तोही जोशींनी कायदेमंडळात सतत लावून धरल्यामुळे. पण त्या आठ तासांच्या ठरावात एक मेख होती. इतरांना आठवड्याचे ४८ तास आणि हिंदुस्थानला ६०! आपल्या कारखान्यांत ४८ तास यायला १९४६ साल उजाडावे लागले. म्हणजे सही झाल्यापासून माल हाती पडायला सत्तावीस वर्षे.

दुसरे युद्ध हे पहिल्याच्या पोटी जन्मले. व्हर्सायला जेत्यांनी सगळे पाप जर्मनीच्या माथी मारले, आणि १९२१ साली १३२ अब्ज सुवर्णमार्कांची खंडणी तिच्यावर बसवली. १९२३ साली जर्मनीत नोटेला रद्दीची किंमत आली. मध्यमवर्गाची आयुष्यभराची शिल्लक बुडाली. त्यातून सावरते न सावरते तोच १९२९ ची मंदी आली, आणि १९३२ साली तिथे साठ लाख माणसे बेकार होती. उपाशी आणि अपमानित माणसाला शत्रू दाखवून देणारा पुढारी फार लवकर आवडतो. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. त्याने ज्या गोष्टी अगदी आधी केल्या त्यांतली एक आमच्या लोकांनी ध्यानात ठेवावी : २ मे १९३३ रोजी, मे दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना अटक केली आणि संघटना मोडल्या. ज्याला युद्ध करायचे असते त्याला आधी युनियन मोडावी लागते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्याला न विचारताच आपला देश युद्धात असल्याचे जाहीर केले. एका महिन्याच्या आत, २ ऑक्टोबरला, मुंबईच्या ९० हजारांच्या आसपास कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. पुढच्या मार्चमध्ये गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी सुमारे चाळीस दिवस बाहेर राहिले. आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे यांनी, या युद्धाला माणूस आणि पैसा देऊ नका, असे उघड सांगून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून निवडलेला हा माणूस आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या एका पोराने युद्धात दुसरा मार्ग धरला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. एकटे घाडगे उरले. ते तसेच धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांशी झुंजले, आणि जिंकलेल्या त्या मोर्चावरच शत्रूच्या गोळ्यांनी कोसळले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर माहीत नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

आम्हांला पुष्कळदा विचारतात, विनोबा बरोबर की घाडगे बरोबर? आम्ही म्हणतो, आधी हे पाहा की निवड कोणाच्या हातात होती. विनोबांनी विचार करून तुरुंग पत्करला. हिटलरचा पराभव व्हायलाच हवा होता, यात आम्हांला शंका नाही. पण कोकणातला तरुण पलटणीत गेला तो बहुधा खाचरातले भात चार महिनेही पुरत नव्हते म्हणून. दोघांनाही आम्ही नमस्कार करतो. दोष द्यायचा तो ज्यांनी न विचारता या देशाला युद्धात लोटले त्यांना.

आता पैशाची गोष्ट. ही जरा नीट ऐकावी, कारण यातच सारे मर्म आहे. इंग्रज सरकारने युद्धासाठी इथून धान्य, कापड, तंबू, चामडे, बूट, सगळे खरेदी केले. रोख पैसे दिले काय? नाही. लंडनच्या खात्यावर आपल्या नावे पौंड जमा मांडले, आणि त्या वचनाच्या आधारावर इथे नोटा छापून व्यापाऱ्यांना चुकत्या केल्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहा पटींच्या आसपास गेल्या. माल तर बाहेर गेला आणि नोटा घरात राहिल्या. मग भाव दुपटीहून वर गेले तर नवल काय? १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले, बर्माचा तांदूळ बंद झाला. भात खाणाऱ्या आपल्या लोकांनी रेशनवर मिळेल ते धान्य शिजवून पोट भरले; आणि बंगालमध्ये १९४३ साली तीस लाखांच्या आसपास माणसे अन्नावाचून गेली. म्हणजे इंग्लंडला हे जे कर्ज मिळाले ते बँकेने दिले नाही. ते आपल्या ताटातून काढून दिले गेले.

युद्ध संपले तेव्हा ही रक्कम १३० कोटी पौंडांच्या घरात होती. धनको आपण आणि ऋणको साम्राज्य, असा उलटा प्रकार झाला. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्सला युद्धानंतरच्या जगाची आर्थिक घडी ठरवण्याची परिषद भरली, तेव्हा आपल्या बाजूने हा प्रश्न मांडला गेला; पण तो दोन देशांनी आपसांत मिटवावा म्हणून बाजूला ठेवला गेला. त्या परिषदेतल्या आपल्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, आणि ते महाड तालुक्यातल्या नात्याचे. योगायोग पाहा : जुलै १९४४. एक रायगडकर टायबरच्या काठी जीव देतो आहे, आणि त्याच महिन्यात दुसरा अटलांटिकच्या पलीकडे देशाचे येणे मागतो आहे.

आम्ही वर म्हटले की लढाई घरापर्यंत आली होती. आमच्या घरी ती १४ एप्रिल १९४४ रोजी आली. आमचे आजोबा तेव्हा मुंबईच्या गोदीत रोजंदारीवर होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज लागले होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी! दुपारी धूर दिसू लागला. जहाज बाहेर न्यावे की जागीच बुडवावे याचा निर्णय वेळेवर झाला नाही, आणि चारनंतर थोड्याच वेळाने पहिला स्फोट झाला, मागोमाग दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशात अग्निशमन दिन पाळतात. सरकारी आकडा सातशेच्या पुढचा आहे. आजोबा त्या दिवशी पाळी नसल्याने वाचले. त्यांच्या टोळीतले पाच जण पुन्हा दिसले नाहीत. आजी सांगे, आमच्या किनाऱ्यावरून मुंबईकडचे आभाळ रात्रभर तांबडे दिसत होते आणि बायका वाळूत बसून राहिल्या होत्या. आजोबा पुढे त्या पाच घरांच्या वतीने मुकादमाकडे गेले, कचेरीत गेले. उत्तर एकच मिळाले : नोंद कुठे आहे? रोजंदारीच्या माणसाचे नाव कोणत्याही वहीत नव्हते. ज्याचे नाव नाही तो मेला कसा म्हणायचा? गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला. त्या पाच जणांना तो चार वर्षे उशिरा आला. आम्ही आयुष्यभर हजेरीपुस्तकासाठी भांडत आलो त्याचे कारण पुष्कळांना हट्ट वाटतो; ते हे आहे.

खलाशांचेही तसेच. कोकणच्या बंदरांनी व्यापारी जहाजांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली. पहिल्या युद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईला आहे. दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांची स्मरणवही ठेवली आहे. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. ते कोळसा ओढत होते आणि भात रांधत होते.

दुसऱ्या युद्धाच्या जमेलाही काही रकमा आहेत. १९४२ साली डॉ. आंबेडकर मजूरमंत्री झाले. त्याच ऑगस्टमध्ये सरकार, मालक आणि मजूर अशी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पण त्याच वर्षी युद्धाच्या नावाने संपावर बंधने घालून तंटे सक्तीने लवादाकडे नेण्याचा नियमही आला. युद्ध संपले, तरी तो विचार राहिला. १९४७ च्या औद्योगिक तंटा कायद्यात तो शिरला. १९४२ साली आमची चळवळ आपसांत फुटली तीही युद्धामुळे : एक बाजू ‘चले जाव’मध्ये गेली, दुसरी त्याला जनतेचे युद्ध म्हणू लागली. १९४६ च्या फेब्रुवारीत नौदलाच्या खलाशांनी बंड केले आणि मुंबईचे कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले, तेव्हा काही दिवस ती फूट सांधल्यासारखी वाटली. त्या दिवसांत गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे पडली. साम्राज्य जाणार हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आता खात्याची शिल्लक काढू. मजूर संघटना, बोनस, भत्ता, रेशन, स्वातंत्र्य : या साऱ्यांना युद्धाचा हात लागला आहे. मग युद्ध आपल्या फायद्याचे ठरले काय? आमचे काही मित्रही असे बोलून जातात, आणि तरुण असताना आम्हीही बोललो आहोत. आज आम्हांला ते चूक वाटते. बोनस युद्धाने दिला नाही. नफा झाकता येईना आणि कामगार उठू लागला, म्हणून तो द्यावा लागला. युद्ध नसतानाही नफा होतो आणि कामगारही असतो. जे संघटनेने शांततेत मिळवायचे ते मिळवायला दोनदा जग जळावे लागले, यात फुशारकी कसली? ती आपल्या दुबळेपणाची खूण आहे.

ही जुनी कथा म्हणून कोणी घरी जाऊ नये. २०२२ साली रशिया युक्रेनमध्ये शिरला तेव्हा आपल्या बाजारात तेलाचे भाव चढले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावा शेव्याहून युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्या दिवसांत कंटेनर यार्डातला आमचा एक ट्रेलरवाला म्हणाला, ‘दादा, लढाई तिकडे आणि पाळ्या माझ्या बुडतात.’ दोन महायुद्धांचा सारा इतिहास त्या गड्याने एका वाक्यात सांगितला. आज युद्धाची भाषा पुन्हा सोपी झाली आहे. ती कोणीही बोलू लागला म्हणजे आपण एवढेच विचारावे : वही कोण लिहितो आहे, आणि आमची नावे तीत आहेत काय?

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने या लहानशा गावाने यशवंत घाडगे यांच्या नावे एक स्मारक उभारले. ते पुतळ्याचे नाही. ते सूर्यघड्याळ आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरले आहेत. ज्या मातीवर आपला माणूस परक्याच्या लढाईत पडला, तिथल्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनंतरही त्याचे नाव विचारून घेतले आणि लिहून ठेवले. आपल्या गावच्या पाटीवर आकडा आहे. तिथे नावे लिहिण्याचे काम अजून आपले आहे. पुढच्या वसंतापर्यंत एका तरी गावात ते व्हावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.